स्त्री-पुरुष समानतेची बांधिलकी मुलाखतीत कशी तपासायची? सहायक प्राध्यापक भरतीपुरतं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय, भौतिकशास्त्र विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा, आणि विचारणारे त्या विभागाचे प्रमुख. प्राचार्य म्हणतात, नॅकमध्ये (म्हणजे महाविद्यालयांच्या राष्ट्रीय मूल्यांकनात) लिंगसमभावाला गुण आहेत, तेव्हा उमेदवाराची त्या बाबतीतली बांधिलकी तपासा. मागच्या मुलाखतीत ‘स्त्री-पुरुष समानतेबद्दल आपलं मत काय?’ असं विचारलं, तर सातही उमेदवारांनी सावित्रीबाईंपासून सुरुवात केली आणि राज्यघटनेपाशी शेवट केला. सगळ्यांना सारखेच गुण पडले. मग वीस मिनिटांत हे तपासायचं कसं?

यात उमेदवारांचा काही दोष नाही. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर असूच शकत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी समानता मानत नाही’ असं कोण म्हणेल? त्यामुळे पहिली गोष्ट, हा प्रश्न कायमचा काढून टाका. तुम्हाला खरं तर दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळून विचारल्या गेल्या आहेत. एक, माणसाच्या मनात काय आहे. दुसरी, हा माणूस वर्गात, प्रयोगशाळेत आणि विभागात कसा वागेल. पहिली गोष्ट मुलाखतीत कळत नाही, आणि कळली तरी तिच्यावर गुण देण्याचा समितीला अधिकार नाही. दुसरी थोडीफार कळते. जे तपासायचं ते तिथेच.

अमेरिकेत याच गोंधळातून गेली काही वर्षं मोठा वाद झाला. तिथली बरीच विद्यापीठं उमेदवाराकडून ‘विविधता आणि समावेशकतेसाठी मी काय करतो’ असं लेखी निवेदन मागत. हळूहळू ते कसं लिहायचं याचे नमुने फिरायला लागले, आणि दुसरीकडून ही राजकीय निष्ठेची परीक्षा असल्याची टीका सुरू झाली. एमआयटीने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ मध्ये भरतीसाठी असं निवेदन मागणं बंद केलं. आपल्याकडे ‘लिंगसमभावावर पाचशे शब्द लिहून आणा’ अशी अट कुणी सुचवली, तर वर्षभरात त्याची तयार पीडीएफ व्हॉट्सॲपवर येईल.

नॅकचं म्हणाल, तर निकष ७ मध्ये संस्थेने स्त्री-पुरुष समानतेसाठी काय उपाययोजना केल्या ते विचारतात: सुरक्षितता, समुपदेशन, मुलींसाठी कॉमन रूम, पाळणाघर वगैरे. उमेदवाराची परीक्षा घ्या असं तिथे म्हटलेलं नाही. प्राचार्यांना हे नम्रपणे सांगा. कारण नॅकसाठी म्हणून केलं की ते फायलीत जाऊन बसतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार शैक्षणिक गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते, आणि निवड मुलाखतीवर. पण गुणांच्या विभागणीबद्दल राज्य शासनाचे निर्णय त्यानंतरही निघत राहिले आहेत. म्हणून जाहिरातीच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू आहे तो आधी काढा आणि मुलाखतीच्या गुणपत्रकात स्वतंत्र रकाना करायची मोकळीक आहे का ते विद्यापीठाच्या संबंधित कक्षाकडून लेखी घ्या. मोकळीक नसेल तरी अडत नाही, कारण खाली सुचवलेले प्रश्न ‘अध्यापन कौशल्य व विद्यार्थ्यांशी व्यवहार’ अशा शीर्षकाखाली सहज बसतात. किंबहुना ते तिथेच बसावेत असं मला वाटतं. ‘लिंगसमभाव’ असा वेगळा रकाना दिसला की समितीतले निम्मे लोक तो थट्टेवारी नेतात. तासिका तत्त्वावरची नेमणूक असेल तर एवढा पसारा नको, एक प्रश्न आणि प्रात्यक्षिक तास पुरे. महिलांचं समांतर आरक्षण आणि बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरवणारा तक्ता) हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत बदलत नाही. जे तपासणार ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात हेच सांगितलं की, नियमांत तशी मुभा नसेल तर भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम मध्येच बदलता येत नाहीत. मुलाखतीच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ‘आज जरा जेंडरचंही बघू या’ असं ठरलं, तर निवड न झालेल्या उमेदवाराच्या हातात तुम्ही आयती याचिका दिलीत. आणि निकष मोघम ठेवला तर त्याची मास्टर-की होते. आपला माणूस बसवायचा असेल तर ‘दृष्टिकोन प्रगल्भ’, आणि नको असेल तर ‘दृष्टिकोन अपुरा’. म्हणून एकूण गुणांत याचा वाटाही लहानच हवा. मुलाखत ५० गुणांची असेल तर सहा, त्याहून जास्त नाही. दोन प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३.

पहिला प्रश्न तुमच्याच प्रयोगशाळेतला घ्या. प्रथम वर्षाचं प्रात्यक्षिक चालू आहे. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशकिरणांचे कोन मोजायचं उपकरण) कमी, म्हणून तिघांचा एक गट, दोन मुलगे आणि एक मुलगी. प्रिझमच्या टेबलाचे स्क्रू एक मुलगा फिरवतोय, दुसरा दुर्बिणीतून बघतोय, आणि मुलगी जर्नलमध्ये रीडिंग लिहून घेतेय. पुढच्या आठवड्यात बघितलं तर तेच. उमेदवाराला विचारा, ‘हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही काय कराल?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. प्रश्नात ‘समानता’ हा शब्द येऊ देऊ नका. तो आला की सावित्रीबाई आल्याच.

शून्याचं उत्तर असं असतं: ‘मुलींचं अक्षर चांगलं असतं, त्यांना लिहायला आवडतं.’ किंवा ‘रीडिंग बरोबर येतायत ना, मग काय हरकत आहे?’ एका गुणाचं उत्तर असं असतं: ‘मी मुलींना प्रोत्साहन देईन, त्यांच्यात आत्मविश्वास निर्माण करीन.’ यात हेतू चांगला आहे, पण सोमवारी अकरा वाजता नेमकं काय करणार ते नाही. शिवाय दोष मुलीच्या आत्मविश्वासाकडे ढकलला आहे, गटातल्या कामवाटपाकडे नाही. दोन गुणांचं उत्तर अदलाबदलीचं असतं, म्हणजे जुळवणी, वाचन आणि नोंद ही तीन कामं तिघांकडे आळीपाळीने, दर प्रात्यक्षिकाला बदलून. तीन गुणांच्या उत्तरात अदलाबदल खरोखर झाली की नाही हे तपासायची युक्तीही असते. उदाहरणार्थ, जर्नलच्या पानावर कोणी काय केलं त्याची एक ओळ आणि सही. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘दुर्बीण समांतर किरणांसाठी जुळवून दाखव’ किंवा ‘दोन व्हर्नियर का असतात ते सांग’ असं विचारणं. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत मुलगी एकटीच उपकरणापुढे उभी राहणार आहे, आणि वर्षभर तिने स्क्रूला हात लावलेला नाही, हे ज्याला आपणहून सुचतं त्याने प्रयोगशाळेत डोळे उघडे ठेवले आहेत.

‘मी मुलींचे वेगळे गट करीन’ हे उत्तर हमखास येतं. त्याला लगेच शून्य देऊ नका. ‘का?’ विचारा. जिथे मुली मोजक्याच आहेत तिथे काही आठवडे वेगळा गट करून हात बसवायचा आणि मग मिसळायचं, असं कारण देणाराही असतो, आणि ‘कटकट नको’ म्हणून वेगळं करणाराही असतो. शब्द तेच असले तरी गुण वेगळे.

या प्रश्नाचा मोठा फायदा असा की विषयाचं ज्ञानही त्यातच दिसतं, म्हणून बाहेरचे विषयतज्ज्ञ कुरकुर करत नाहीत. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल, कुठल्याही विभागाला असा प्रसंग आपल्या कामातून काढता येतो. वनस्पतिशास्त्रात मुक्कामी अभ्याससहल घ्या. मुलींचे पालक पाठवत नाहीत, मग ‘मुलींसाठी ऐच्छिक’ करायची का? भाषा विभागात वक्तृत्वाला मुलगे आणि सूत्रसंचालनाला मुली ही जुनीच वाटणी घ्या.

दुसरा प्रश्न जास्त अवघड, आणि खरी चाळणी तिथे लागते. द्वितीय वर्षाची मुलगी तास संपल्यावर थांबते आणि सांगते की विभागातले एक कर्मचारी रात्री-अपरात्री मेसेज करतात, नको ते बोलतात. आणि म्हणते, ‘सर, कुणाला सांगू नका.’ महिला उमेदवाराला विचारताना ‘मॅडम’, बाकी शब्द तेच. तुम्ही काय कराल?

इथे सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘मी तिच्या पालकांना विश्वासात घेईन.’ ऐकायला जबाबदार वाटतं. आपल्या भागात त्याचा शेवट बहुतेक वेळा मुलीचं कॉलेज बंद होण्यात होतो, आणि मुलीलाही ते माहीत असतं, म्हणूनच ती ‘सांगू नका’ म्हणते. ती सज्ञान आहे, पुढचं पाऊल तिला विचारूनच टाकायचं. दुसरी चूक, ‘मी त्या कर्मचाऱ्याला बोलावून समज देईन.’ म्हणजे स्वतःच चौकशी, स्वतःच निकाल, आणि समोरच्याला मेसेज डिलीट करायला अवधी. तिसरी, ‘दोघांना समोरासमोर बसवीन.’ कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेटाची तरतूद आहे, पण ती तक्रारदार स्त्रीने मागितली तरच, समितीमार्फत, आणि पैशाची तडजोड त्याचा आधार असू शकत नाही. शिक्षकाने स्टाफरूममध्ये बसवलेली बैठक म्हणजे समेट नव्हे. चौथी चूक चांगल्या मनाच्या लोकांची: ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन बसणं. ते पाळलं तर पुढच्या मुलीचं नुकसान, मोडलं तर हिचा विश्वास गेला.

चांगल्या उत्तरात साधारण हे येतं: पूर्ण ऐकून घेणं, ‘तू उत्तर कशाला दिलंस’ छाप प्रश्न न विचारणं, मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव असं सांगणं. मग अंतर्गत तक्रार समिती आहे, तिच्या अध्यक्ष अमुक मॅडम आहेत, तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात, आणि लिहायला जड जात असेल तर मदत करणं हे समितीचंच काम आहे, ही माहिती देणं. बरोबर येऊ का, असं विचारणं. गुप्ततेबद्दल खरं तेवढंच बोलणं: ‘गावभर होणार नाही, पण समितीपर्यंत न्यायचं तर समितीला सांगावं लागेल.’

प्रत्येक उमेदवाराला तीन महिन्यांचा नियम तोंडपाठ असेल अशी अपेक्षा करू नका. कलमं विचारलीत तर पाठांतर करणारा जिंकेल. लैंगिक छळ रोखण्याबद्दलचे यूजीसीचे २०१५ चे विनियम आणि समितीची रचना हे रुजू झाल्यावर अर्ध्या दिवसात शिकवता येतं. तुम्हाला बघायचं आहे ते एवढंच, की हा माणूस प्रकरण योग्य दाराशी नेतो की स्वतःच्या खिशात ठेवतो. ‘आपल्याकडे अशी समिती असते ना, तिच्याकडे नेईन, नियम मला नीट माहीत नाहीत, पण आधी विचारून घेईन’ असं प्रामाणिकपणे म्हणणाऱ्याला मी दोन गुण धरतो. पालकांना फोन लावणाऱ्याला, त्याने कलमं घडाघडा म्हटली तरी, एकच.

सहप्राध्यापक किंवा विभागप्रमुखपदाची भरती असेल तर तिसरा प्रश्न कामवाटपाचा घाला. विभागात चार जण, दोन बायका, दोन पुरुष. वेळापत्रक, खरेदी आणि परीक्षा पुरुषांकडे, स्वागत, रांगोळी आणि सांस्कृतिक बायकांकडे. त्यात एक सहकारी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर जाते. तास कसे वाटाल आणि ती परत आल्यावर कोणतं काम द्याल? सहायक प्राध्यापकाला हे विचारू नका, ते त्याच्या हातात नसतं.

प्रात्यक्षिक तास घेत असाल (विनियमांत तशी मुभा आहे) तर भिंतीशी पाठ लावून बसा आणि बघा. आपल्या वर्गात मुलींची रांग एका बाजूला, मुलग्यांची दुसऱ्या. उमेदवार पंधरा मिनिटांत कुणाकडे बघून बोलतो, प्रश्न कुणाला विचारतो, फळ्यावर कुणाला बोलावतो? एका कागदावर दोन रकाने करून रेघा मारत जा. पण त्या रेघांना थेट गुण देऊ नका. पंधरा मिनिटं फार थोडी असतात, आणि पहिल्या बाकावरची मुलं बोलकी असली तर आकडे आपोआप झुकतात. मुलगी अर्धवट बोलत असताना तिला तोडून तेच उत्तर मुलाकडून घेतलं, ‘अरे मुलींना येतंय, तुम्हाला येत नाही?’ असला विनोद केला, अशा ठळक गोष्टी तेवढ्या शेऱ्यात लिहा. या विनोदावर वर्ग हसतो, म्हणून तो समितीला खटकत नाही. खटकला पाहिजे.

आता न विचारायच्या गोष्टी. लग्न झालंय का, मुलं किती, मिस्टर कुठे असतात, त्यांची बदली झाली तर काय, सासरचं सांभाळून जमेल ना. १९९१ मध्ये नीरा माथूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममधले मासिक पाळी आणि गर्भारपणाबद्दलचे रकाने अपमानास्पद ठरवून काढायला लावले होते. इतक्या वर्षांनंतरही तोच रकाना कुणीतरी तोंडी भरून घेतं. कसोटी सोपी आहे: जो प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारताना तुम्हाला विचित्र वाटेल तो कुणालाच विचारायचा नाही. मुक्कामी सहल हा नोकरीचा भाग असेल तर ‘वर्षातून दोन मुक्कामी सहली असतात, तयारी आहे का?’ हे सगळ्यांना, त्याच शब्दांत. समितीतल्या कुणी अगोचरपणा केलाच, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे ‘हा प्रश्न वगळतो’ म्हणावं आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्याय हवा. पदवीवरचं नाव आणि आताचं नाव वेगळं असेल तर ती कागदपत्रं छाननीच्या टेबलावर बघायची, मुलाखतीत चर्चेला घ्यायची नाहीत.

उमेदवाराचा पूर्वेतिहास ही नाजूक बाब आहे. आधीच्या कॉलेजला फोन करून ‘त्यांच्याविरुद्ध काही तक्रार होती का हो?’ असं विचारणं बंद करा. २०१३ च्या कायद्यात तक्रारीचा आणि चौकशीचा तपशील उघड करायला मनाई आहे, आणि नुसती तक्रार म्हणजे दोषही नव्हे. रीतसर मार्ग दोन. अर्जातच स्वयंघोषणापत्र घ्या: ‘गैरवर्तनाबद्दल दोष सिद्ध होऊन शिक्षा झाली आहे काय? विभागीय चौकशी प्रलंबित आहे काय?’ आणि नोकरीत असलेल्यांच्या ना-हरकत प्रमाणपत्रात चौकशी प्रलंबित वा प्रस्तावित नसल्याचा उल्लेख मागा. घोषणापत्र खोटं ठरलं तर नेमणूक रद्द होईल, हे त्यावरच छापा.

समितीकडे येऊ. व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी, बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, आणि सातही पुरुष. हे दृश्य दुर्मीळ नाही. महिला उमेदवार असेल आणि समितीत एकही महिला नसेल, तर कुलगुरूंनी महिला प्रतिनिधी नेमायची आहे. त्यासाठीचं पत्र मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पाठवून भागत नाही. छाननी झाली की त्याच दिवशी पाठवा. आणि आलेल्या मॅडमकडे ‘जेंडरचा प्रश्न तुम्ही विचारा’ असं सोपवू नका. हे दोन्ही प्रश्न तुम्ही, म्हणजे विभागप्रमुखाने विचारा.

गुण देताना चर्चा नंतर, आकडे आधी. प्रत्येक सदस्याने उमेदवार दाराबाहेर पडल्या पडल्या आपल्या पत्रकावर गुण लिहायचे, एक ओळ कारण लिहायचं, सही करायची. नंतर बोलायचं झालं तर कनिष्ठ सदस्याने आधी, अध्यक्षांनी शेवटी. उलट केलं की सगळ्यांचे गुण अध्यक्षांच्या आसपास येऊन बसतात. आणखी तीन ठिकाणी हात घसरतो. इंग्रजीतून, अभ्यासाच्या परिभाषेत बोलणाऱ्याला जास्त गुण जातात, आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) दहा वर्षं काढून मुलींना वर्कशॉपपर्यंत नेणाऱ्याला कमी, कारण त्याला ते शब्द येत नाहीत. म्हणून मराठीत उत्तर चालेल हे आधीच सांगा. दुसरं, महिला उमेदवाराला हे येतंच असं गृहीत धरून तिचं उत्तर कुणी ऐकत नाही. पुरुषाने ‘मी घरी चहा करतो’ म्हटलं की सगळे खूश. घरच्या चहाला शून्य गुण. तिसरं, तक्रार समितीचं काम केलेल्या उमेदवाराकडे ‘चळवळे दिसतात’ म्हणून बघितलं जातं. त्या कामात संशोधनाचे तास गेलेले असतात. अनुभव म्हणून ते पत्रकात दिसू द्या.

सगळी पत्रकं, प्रश्नांचा कागद आणि गुण कशाला किती हे ठरवलेला तक्ता एका लिफाफ्यात ठेवा. माहितीच्या अधिकारात कुणी मागितलं तर सारवासारव करायला नको.

आणि निवड झालेल्या माणसाचा परिवीक्षा काळ असतोच. पहिल्या सत्राच्या शेवटी त्याच्या बॅचची दहा-बारा जर्नलं मागवा आणि स्पेक्ट्रोमीटरच्या पानावर जुळवणी कुणी केली, ते नाव वाचा.